बदलीवर लावलेलं काळीज

मारोतराव हेडाऊंना आयुष्यात कधी काही झालं नाही. म्हणजे व्हायचं ते सगळं झालं, पण झालं असं त्यांनी कधी कबूल केलं नाही. मिलमध्ये चालत्या मागावरून धोटा उडून भुवईवर बसला, सदरा रक्ताने भिजला, तरी घरी येऊन म्हणाले, ‘काही नाही, खरचटलं.’ हिवतापाच्या थंडीने खाट कडाकडा वाजत होती, तर म्हणाले, खाटच जुनी आहे. दाढ सुजून तोंडाचा भोपळा झाला तेव्हा म्हणाले, वारा लागला. मैनाबाईने या माणसाबरोबर तीस वर्षं संसार केला, आणि तीस वर्षांत तिला सगळ्यात जास्त कोणी छळलं असेल तर ते सासूने नाही, गरिबीनेही नाही, ‘काही नाही’ या दोन शब्दांनी. एखाद्याशी भांडता तरी येतं. ‘काही नाही’शी कसं भांडावं?

घर तांडापेठेत. बाप, आजा हातमागावर लुगडी विणणारे. मारोतरावांच्या पिढीला त्या मागाने पोसलं नाही म्हणून ते मिलच्या विणखात्यात लागले. पण त्यांची खरी नोकरी मिलमध्ये नव्हतीच, ती होती घरामागच्या गल्लीतल्या आखाड्यात. पहाटे उठावं, अंगाला तिळाचं तेल चोळावं, बजरंगाला हात जोडून तांबड्या मातीत उतरावं, स्वतः दंड-बैठका काढाव्यात, मग पोरांना डाव शिकवावेत, आणि मिलचा भोंगा झाला की डबा उचलून निघावं. वस्तीत लहानथोर सगळे त्यांना ‘वस्ताद’ म्हणत. पन्नाशी कधीच ओलांडली होती, मिशी पांढरी झाली होती, पण बैठका एकीनेही कमी झाल्या नव्हत्या. तेलकट सदरे धुऊन धुऊन मैनाबाईची नखं झिजली, आणि लोक तिला म्हणत, ‘काय नशीब काढलं वं मैने, पहिलवान नवरा!’

त्र्याऐंशी सालचा उन्हाळा सरत आला होता. एका सकाळी चंद्रभान धावत दाराशी आला. हा चंद्रभान सोनकुसरे म्हणजे वस्तादांचा सगळ्यात आवडता चेला, वय पंचवीसच्या आतबाहेर, मान आणि खांदा यांच्यात फरक न उरलेला. धापा टाकत म्हणाला, “काकी, वस्ताद पडले!”

मैनाबाई चूल तशीच टाकून आखाड्याच्या दारापर्यंत गेली. आत जायची सोय नव्हती. आखाड्यात बाईने पाऊल टाकायचं नाही, हा बजरंगाचा नियम. दारातून तिने पाहिलं तर मारोतराव मातीत बसलेले, चेहरा राखेसारखा, पोरं भोवती. तिला पाहताच ते उठून उभे राहिले.

“काही नाही. पाय घसरला.”

“मातीत कोणाचा पाय घसरते?” मैनाबाईने विचारलं.

पंधरा दिवसांनी ते नळावर पडले, भरल्या बादलीसकट. म्हणाले, ऊन लागलं. सकाळचे सहा वाजले होते. मैनाबाईने त्या दिवशी कपाळावर हात मारून घेतला आणि ठरवलं की आता पुरे. तिने चूल पेटवणंच बंद केलं. “दवाखान्यात येत असान तं भाकर थापतो, नाही तं आपली बैठकच खा,” असं सांगून ती ओसरीवर बसली. पहिलवान माणूस मार खाईल, उपास काढणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मारोतराव टोपी घालून तयार झाले.

धरमपेठेत डॉक्टर बोकारे यांचा काळजाचा दवाखाना होता. डॉक्टर तरुण, परदेशात शिकून आलेले, बोलायला तोडके पण माणूस बरा. त्यांनी मारोतरावांना टेबलावर निजवून तारा लावल्या, कागदाची लांब पट्टी काढली आणि ती पाहून म्हणाले, “यात काही दोष दिसत नाही.”

मारोतरावांनी बायकोकडे अशा नजरेने पाहिलं की जणू कुस्तीच मारली.

“पण कधी पडता तुम्ही?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी पडतच नाही.”

“बैठका काढताना पडते, डॉक्टरसाहेब,” मैनाबाई म्हणाली. “अन् वजन उचलताना.”

डॉक्टरांनी कागदाची पट्टी गुंडाळून ठेवली. मग समजावून सांगू लागले. “निजलेल्या माणसाचं काळीज निवांतच चालणार. मला ते मेहनत करताना पाहायचं आहे. माझ्याकडे एक नवीन यंत्र आलं आहे. ते अंगावर बांधून घरी जायचं. एक रात्र आणि एक दिवस ते काळजाचा प्रत्येक ठोका टेपवर उतरवत राहतं. तुम्ही रोजचं सगळं करायचं. बैठका तर काढायच्याच. फक्त आंघोळ नको, आणि अंगाला तेल नको, नाही तर पट्ट्या सुटतील.”

मारोतराव बाहेर चप्पल घालायला गेले तेव्हा डॉक्टरांनी मैनाबाईला थांबवलं. “बाई, मला संशय आहे की मेहनत करताना यांचे ठोके मध्येच थांबतात. तसं असेल तर त्यावर उपाय आहे. पण आधी मला ते दिसलं पाहिजे. नाही दिसलं आणि असंच चालू राहिलं, तर एखाद्या दिवशी हे पडतील आणि उठणार नाहीत.”

मैनाबाईला मरणाची भीती बसली. बाहेर मारोतरावांनाही भीती बसली होती, पण वेगळ्या गोष्टीची. त्यांच्याच खात्यातल्या रुपरावचं काळीज दोन वर्षांपूर्वी मिलच्या डॉक्टरने तपासलं, अनफिट ठरवलं, आणि तेव्हापासून रुपराव दिवसभर पानठेल्यापुढे बसून येणारेजाणारे मोजत असे. मारोतरावांना मरण दिसत नव्हतं, रुपराव दिसत होता.

यंत्राची पाळी यायला आठवडा गेला. मग एका दुपारी कंपाउंडरने मारोतरावांच्या केसाळ छातीवर पाच ठिकाणी वस्तरा फिरवून रुपयाएवढ्या गोल जागा साफ केल्या, तिथे पट्ट्या चिकटवल्या, त्यांच्या तारा एका चामडी पिशवीतल्या डब्याला जोडल्या आणि ती पिशवी त्यांच्या खांद्याला अडकवली. डबा लहानशा टेपरेकॉर्डरएवढा. परतताना सिटी बसमध्ये मारोतराव एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने डबा धरून उभे राहिले, आणि बर्डीच्या स्टॉपवर बसमध्ये चढलेल्या प्रत्येक माणसाने त्यांच्याकडे पाकीटमाराकडे पाहावं तसं पाहिलं.

वस्तीत तर जत्राच भरली. शेजारची रुख्मिणी डब्याला कान लावून गेली. कोणी म्हणालं, विविध भारती लावा. कोणी विचारलं, मनातलं बी उतरते का टेपवर? या प्रश्नाने मात्र मारोतराव दचकले. ते जे खाटेवर जाऊन पडले ते हललेच नाहीत.

“डॉक्टरनं रोजचं काम करा म्हणून सांगतलं,” मैनाबाई म्हणाली. “उठा, पाणी भरा.”

“मशीनले धक्का बसन.”

“तुमच्यासाठी मशीन हाये का मशीनसाठी तुमी?”

एरवी भाजीत मीठ कमी पडलं तर चार घरं ऐकतील असे गरजणारे मारोतराव त्या दिवशी अळणी वरण निमूट जेवले आणि वर म्हणाले, “छान झालं.” मैनाबाईच्या हातातला पळा खाली पडायचा बाकी होता. राग आला तर टेपवर उतरेल, म्हणून गृहस्थ गोड झाला होता! तपासणी म्हणजे परीक्षा आहे आणि आपण परीक्षेत पास व्हायचं आहे, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतावं माणसाने?

तरी पहाटे ते उठले आणि आखाड्याकडे निघाले, तेव्हा तिला हायसं वाटलं. चला, बैठका तरी होतील, काय ते कळेल.

ते परत आले घामाने निथळत, डबा अंगावरच. मैनाबाईने पंचा पुढे केला आणि तिचा हात थबकला. त्यांच्या अंगाला तिळाच्या तेलाचा वास येत होता. तिने छातीकडे नीट पाहिलं. कंपाउंडरने साफ केलेली एक गोल जागा उघडी होती, आणि तिच्यावरची पट्टी दोन बोटं सरकून केसांवर बसली होती. वरून जाड चिकटपट्टी मारलेली.

“हे काय?”

“घामानं सुटली होती. पुन्हा लावली.”

“अन् तेल?”

“पोरायच्या अंगाचं लागलं असन.”

संशय आला होता, पण काय संशय आला ते तिचं तिलाच सांगता येईना.

आठवड्याने डॉक्टरांनी निकाल सांगितला तो हसत हसत. “शाबास, मारोतराव! मध्ये दोनदा टेप जरा खराब झाली आहे, तार सुटली असावी. पण बैठका काढताना ठोके कसे चढले आणि थांबल्यावर किती झटकन उतरले! पंचविशीतल्या पहिलवानाचं काळीज आहे तुमचं. चक्कर मग उन्हाची असेल.”

मारोतराव छतावरच्या पंख्याकडे पाहत राहिले.

आता त्यांना कोण आवरणार! सुंभ जळला नव्हताच, पिळाला तर नवा ताव चढला. आखाड्यात पेढे वाटले. बैठका वाढवल्या. आणि जाहीर करून टाकलं की नागपंचमीला सगळ्या वस्तीपुढे मोठी जोडी मी स्वतः फिरवणार. मोठी जोडी म्हणजे आखाड्याच्या कोपऱ्यात उभे असलेले दोन अवजड लाकडी मुद्गल. त्यांना नुसता हात लावायला पोरं कचरत. वस्तीत आनंदीआनंद झाला. मैनाबाईलाही वाटलं, आपणही आनंद मानावा. पण ती सरकलेली पट्टी तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

मारोतराव मिलमध्ये गेलेले असताना तिने चंद्रभानला बोलावलं. तो ओसरीवर येऊन उभा राहिला.

“सदरा काढ,” मैनाबाई म्हणाली.

“काकी?”

“काढ म्हणतो न.”

एवढा दांडगा गडी, लाजेने कानापर्यंत लाल झाला. सदरा वर केला. त्याच्या गुळगुळीत छातीवर चिकटपट्टीने सोललेले पाच लाल डाग होते. अजून खपल्या धरलेल्या.

मैनाबाईने तो सदरा ओढून खाली केला. “काहून केलं गा हे?”

चंद्रभानच्या चेहऱ्यावर गुन्हा केल्याची खूण नव्हती, नुसता गोंधळ होता. तो मिलमध्ये बदली कामगार होता. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, आत जो आला नसेल त्याच्या मागावर त्याच्या जागी जायचं, दिवस भरायचा. सात वर्षं तो असाच दुसऱ्यांच्या जागी उभा राहत आला होता. “वस्तादनं म्हटलं, चंद्रभान, आज माह्या बदलीवर जा. मिलमधी जातोच न मी त्यायच्या बदलीवर, काकी. तसाच गेलो. मशीन बांधलं, बैठका काढल्या, मशीन देल्लं. ते म्हणे, मशीनले काम झाल्याशी मतलब हाये, माणूस कोणी बी असो.”

“अरे, कापड कोणी बी विणलं तं चालते. काळीज बदलीवर लावते का कोणी?”

“वस्तादचा शब्द होता,” चंद्रभान म्हणाला. त्याच्या दृष्टीने तिथे प्रश्न संपला होता. मग जरा थांबून त्याने विचारलं, “माह्यं काळीज बरं निघालं न काकी?”

यावर रडावं की हसावं की त्याच्या त्या जाड मानेवर लाटणं हाणावं, हे मैनाबाईला कळेना.

संध्याकाळी तिने मारोतरावांना जेवणाचा डबाही खाली ठेवू दिला नाही. आवाज एवढा चढला की रुख्मिणीने भिंतीपलीकडे आपला रेडिओ बंद केला. मारोतरावांनी आधी नाकारलं, मग चिडले, मग म्हणाले, “रिपोर्ट चांगला आला न? झालं तं मंग.”

“कोणाचा रिपोर्ट?”

“चंद्रभान माह्या हाताखाली तयार झाला. दहा वर्षांचा होता तवापासून. माह्या आखाड्याची माती खाल्ली त्यानं. त्याचं काळीज म्हणजे माह्यंच.”

हे ते थट्टेने बोलत नव्हते. अगदी मनापासून बोलत होते. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. याने तर आधी स्वतःलाच पटवलं होतं. आपण ज्याच्यासाठी जीव पाखडतो तो माणूस सगळ्या वस्तीत पेढे वाटून, हसत हसत, आपल्या डोळ्यांदेखत मरायला निघाला आहे, आणि त्याच्या हातात शाबासकीचा कागद आहे, या विचाराने तिला इतका संताप आला की तिने भरलेलं ताट उचलून गल्लीतल्या गाईपुढे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बसने धरमपेठेला गेली. आयुष्यात पहिल्यांदा. दोनदा चुकीच्या स्टॉपवर उतरली. डॉक्टर बोकाऱ्यांना तिने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर आपटला.

“म्हणजे निजलेलं काळीज एकाचं आणि धावलेलं दुसऱ्याचं? आणि मी त्याच्यावर शाबासकी दिली! बाई, हे यंत्र म्हणजे खेळणं आहे का? लोक पाळी लावून बसले आहेत त्यासाठी.”

“माह्यावर काहून चिडता, साहेब? माह्या घरी रोजच हे असं हाये. तुमचा तं एकच दिवस गेला.”

डॉक्टरांचा राग ओसरला, त्यांनी चष्मा उचलून परत लावला. “आणखी एकदा देतो. पण एका अटीवर. पट्ट्या लावल्यापासून काढेपर्यंत हा माणूस तुमच्या नजरेआड होता कामा नये.”

“आखाड्यात बायका जात नाही, साहेब.”

“मग यंत्र घेऊन जाऊ नका.”

ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. “द्या. मी पाह्यतो काय करायचं ते.”

राहिलं होतं ते मारोतरावांना राजी करणं. रडून झालं होतं, ओरडून झालं होतं, चूल बंद करून झालं होतं. या वेळी तिने आवाजही चढवला नाही. ते हात धुऊन जेवायला बसले तेव्हा तिने साधं विचारलं, “मले एक सांगा. कुस्तीत बदली चालते का?”

“म्हणजे?”

“तुमची कुस्ती लागली अन् तुमी चंद्रभानले उतरवलं. तो जिंकला. तं मानाचा नारळ कोणाचा?”

मारोतरावांचा घास हातातच राहिला.

“नागपंचमीले तुमी जोडी फिरवान. लोक म्हणतीन, वस्तादचं काळीज डॉक्टरनं पास केलं. मले अन् तुमाले ठाऊक हाये कोणाचं पास केलं ते. अशा माणसानं बजरंगापुढं उभं राहावं का, तेवढं मले सांगा.”

तीस वर्षांत पहिल्यांदाच तिला नेमकी जागा सापडली होती. मारोतराव जेवले नाहीत. हात धुताना एवढंच म्हणाले, “कधी जाचं हाये?”

या वेळी पट्ट्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लावल्या. पहाटे मारोतराव घराबाहेर पडले तर मैनाबाई डोक्यावर पदर घेऊन मागे.

“तू कुठं?”

“तुमी जाता तिथं.”

“मैने, लोक काय म्हणतीन?”

“तुमी मेल्यावर म्हणतीन त्याच्यापेक्षा कमीच म्हणतीन.”

आखाड्याच्या दारात ती दिसताच आत एकच पळापळ झाली. लंगोट लावलेली पोरं जोडीमागे, मातीच्या हौद्याच्या कडेला, एकमेकांच्या मागे लपू लागली. दोघं-तिघं तर बजरंगाच्या मूर्तीआड गेले. मैनाबाई उंबऱ्याबाहेरच्या दगडावर पाठ ताठ करून बसली. “पोरं हो, तुमी आपलं काम करा. मी तुमच्याकडं नाही पाहून राहिली. मी त्या डब्याकडं पाहून राहिली.”

मातीत चामडं नेत नाहीत म्हणून मारोतरावांनी डबा पिशवीतून काढून दुपट्ट्यात गुंडाळून कमरेला बांधला. बजरंगाला हात जोडले. मग बायकोकडे पाठ करून बैठका सुरू केल्या.

पहिल्या बऱ्याच बैठका रागाच्या होत्या. धपाधप खाली, ताडकन वर. मैनाबाईच्या मनात आलं, पहा, काय दणकट माणूस आहे, आपणच वेडेपणा केला, उगाच तमाशा केला. मग चाल मंद झाली. पाठीवरून घाम तारांवरून ओघळू लागला. मारोतरावांनी एकदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती नजर रागाची नव्हती. पुन्हा खाली बसले, वर आले, आणि वर येऊन तसेच उभे राहिले. चंद्रभान पुढे सरकला, पण वस्तादांनी काही म्हटल्याशिवाय त्यांना हात कसा लावायचा म्हणून तिथेच थांबला. सगळा आखाडा थांबला.

“मैना,” मारोतराव म्हणाले. चारचौघांत त्यांनी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. “मैना, मले अंधारी येऊन राहिली. मले धर.”

तीस वर्षं तिने असं एक वाक्य ऐकायची वाट पाहिली होती. त्यावर काय काय सुनवायचं तेही कधीचं ठरवून ठेवलं होतं. पण ते कानावर पडलं आणि त्यातलं काही तिला आठवलं नाही. ती उंबरा कधी ओलांडून गेली हे तिला कळलं नाही. एका बाजूने चंद्रभानने आणि दुसऱ्या बाजूने तिने त्यांना धरलं आणि मातीत निजवलं. कोणी नियमाचा शब्द काढला नाही. एकाने पाणी आणलं, एकाने दुपट्ट्याने वारा घातला, आणि मारोतरावांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ते उठायला धडपडले नाहीत. तसेच पडून राहिले.

त्या टेपवर सगळं होतं. ठोके चढता चढता मध्येच हरवत होते, आणि शेवटी तर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे काळीज थांबून चालू झालं होतं. पुढे मुंबईला नेऊन त्यांच्या कातडीखाली काळजाला चालवणारी बॅटरी बसवून आणली. मिलने त्यांना मागावरून काढून कापड तपासायच्या टेबलावर बसवलं. बैठका सुटल्या. मोठी जोडी त्या नागपंचमीला चंद्रभानने फिरवली आणि मारोतराव बाजूला खुर्चीवर बसून त्याच्या चुका काढत राहिले. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी हे काहीच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांकडे तातडीने जायचं म्हणून चंद्रभानने सायकल रिक्षा आणली आणि दोघं धरमपेठेला निघाली.

अर्ध्या वाटेपर्यंत मारोतराव गप्प होते. मग आपणहून बोलायला लागले. एकदा बोलायला लागल्यावर थांबेनात.

“नळावर पडलो न, त्याच्या आधी बी पडलो होतो. होळीच्या टायमाले. पुलाखाली.”

मैनाबाईने त्यांच्याकडे पाहिलं.

“अन् एकदा मिलमधी. चालत्या मागावर हात टेकला असता. चंद्रभाननं मागून ओढलं. अन् छाती तं मागच्या दिवाळीपासून धडधडते. कधी कधी जेवताना बी.”

मागच्या दिवाळीपासून! म्हणजे ती चकल्या तळत होती, मीठ कमी पडलं म्हणून यांच्याशी भांडत होती, सदऱ्यावरच्या तेलाच्या डागांना शिव्या देत होती, तेव्हा हा माणूस समोर बसून मरणाशी एकट्याने झुंजत होता आणि मिटक्या मारत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी असा संताप आला की याला इथेच रिक्षातून ढकलून द्यावं.

“काहून नाही सांगतलं?”

मारोतराव रस्त्याकडे पाहत म्हणाले, “तू भेली असती.”

“मी रोजच भेत होती,” मैनाबाई म्हणाली. “कायले भेवाचं तेवढंच ठाऊक नव्हतं.”

रिक्षा रेल्वेच्या पुलाच्या चढाला लागली. रिक्षावाला खाली उतरून दोन्ही हातांनी ओढू लागला. चढ आला की रिक्षातून उतरायचं आणि मागून एक हात लावायचा, ही मारोतरावांची जन्माची रीत. मेहनतीच्या माणसाला ओढायला लावून वर बसून राहणं त्यांना कधी जमलं नव्हतं. आत्ताही त्यांचा पाय आपोआप खाली सरकला.

“बसा,” मैनाबाई म्हणाली.

मारोतरावांनी पाय वर घेतला आणि बसून राहिले.